मागे राहणाऱ्यांचे कंट्रोलर

तांबे कंट्रोलर पुण्याच्या दवाखान्यात गेले. छातीचं ऑपरेशन झालं, पण ते शुद्धीवर आले नाहीत. महाडला त्यांच्या घरी पुण्यानुमोदनाचा कार्यक्रम झाला तेव्हा बुद्धवंदनेनंतर एसटीतले जुने सहकारी एकेक करून बोलायला उठले. स्थानकातला लाउडस्पीकर बंद पडला तरी पोलादपूरची गाडी कुठल्या फलाटाला लागली आहे ते रस्त्यापलीकडच्या रसवंतीपर्यंत ऐकू जायचं, असं एकाने सांगितलं. पुराच्या वर्षी ते निवृत्त झालेले असूनही पाणी चढायच्या आत स्थानकात धावत गेले आणि गाड्या उंचावर काढायला लावल्या, असं दुसऱ्याने सांगितलं. कुत्र्यांचा विषय एका ड्रायव्हरने काढला. तो जरा हसला, समोरचं कुणी हसलं नाही, तेव्हा तो थांबला आणि पुन्हा गाड्यांकडे वळला.

कापडे गावाहून आलेल्या अनसूयाबाई मागे, चपलांच्या ढिगाजवळ बसल्या होत्या. त्यांना कुणी बोलायला सांगितलं नाही. मलाही नाही, आणि सांगितलं असतं तरी मी उभा राहिलो नसतो. आयुष्यभर कॉलेजच्या ग्रंथालयात काम केलं, तिथे न बोलणं हाच नोकरीचा भाग होता. म्हणून हे लिहितो आहे, तेही फार सावकाश.

तांबे ठेंगणे, रुंद खांद्यांचे. डाव्या कानाने त्यांना कमी ऐकू यायचं, हॉर्न ऐकून ऐकून तसं झालं असं ते म्हणत. आमची घरं समोरासमोर. पण त्यांची बायको होती तोवर आमचं बोलणं 'काय सर' आणि 'काय कंट्रोलर' याच्यापुढे गेलं नव्हतं. एसटी स्थानकात ते वाहतूक नियंत्रक होते, म्हणून सगळं महाडच त्यांना कंट्रोलर म्हणायचं. ड्यूटीवर निघाले की त्यांची बायको दारात उभी राहायची आणि ते कोपऱ्यावर दिसेनासे होईपर्यंत तशीच राहायची. ते तिच्यावर चिडायचे. रोज जाणारा माणूस, त्याला काय बघत राहायचं, असं ते भर गल्लीत तिला ऐकवत. ती गेल्यानंतर एकदा सहज बोलता बोलता ते म्हणाले, "मला आवडायचं ते, सर."

कुत्र्यांचं सुरू झालं ते त्यांच्या मुलीमुळे. मनीषा पुण्याला बँकेत. लॉकडाउनमध्ये घरून काम करत असताना तिने एक पिल्लू पाळलं, त्याचं नाव रॉकी. दोन वर्षं ते पोर तिच्या पायाशी झोपून वाढलं. मग कार्यालय उघडलं आणि ती सकाळी दाराबाहेर पडली की रॉकी संध्याकाळपर्यंत रडू लागला. दाराची लाकडं खरवडली, पायांच्या नखांतून रक्त काढलं. सोसायटीतल्या लोकांनी तक्रारी केल्या तेव्हा तिने त्याला महाडला बापाकडे आणून सोडलं. इथेही तेच. कंट्रोलर दूध आणायला बाहेर पडले की समोरच्या घरातून असा आवाज यायचा की मला हातातलं पुस्तक मिटून ठेवावं लागे. तो भुंकण्याचा आवाज नव्हता. जत्रेत हात सुटलेलं मूल ओरडतं तसा होता.

कंट्रोलरांनी आधी गुरांच्या डॉक्टरांना विचारलं. मनीषाने फोनवर काही व्हिडिओ पाठवले, ते त्यांनी चष्मा लावून पुन्हा पुन्हा पाहिले. आणि मग आमच्या गल्लीने एक विचित्र प्रकार पाहिला. हा माणूस दिवसभर घरात चपला घालून वावरू लागला. जेवताना ताटाशेजारी किल्ल्यांचा जुडगा ठेवून तो मधेमधे खुळखुळवायचा. बाहेरचा शर्ट घालून पलंगावर आडवा पडायचा. कुलूप लावायचा, उघडायचा, आत जाऊन पेपर वाचायचा, पुन्हा कुलूप लावायचा. गल्लीतल्या किराणावाल्याने विचारलं, "कंट्रोलर, घरात चोरी करायची प्रॅक्टिस चाललीय का?" त्यावर ते गंभीरपणे म्हणाले, "माझ्याच घरात करतोय. तुझ्या दुकानात घेऊ का?"

मला त्यांनी पुढे समजावून सांगितलं. चपला, किल्ली, शर्ट, पिशवी या सगळ्या कुत्र्याला घंटा असतात. एकेक घंटा वाजली की त्याचा जीव एकेक पायरी खाली जातो. म्हणून घंटाच इतक्या वाजवायच्या की त्यांना अर्थ उरू नये. मग दाराबाहेर जायचं आणि तो घाबरायच्या आत परत यायचं. मग जरा जास्त. मग आणखी जरा. जाताना लाड नाहीत, आल्यावर लाड नाहीत. नारळाच्या करवंटीत नाचणीची भाकरी आणि सुकट दाबून भरायची आणि निघताना पुढ्यात ठेवायची, म्हणजे जाण्याची आणि काहीतरी बरं मिळण्याची गाठ पडते. आणि कुत्र्याला शिक्षा कधीही नाही. "दार खरवडलं म्हणून मारलं, तर आपण गेलो की मार मिळतो एवढंच तो शिकेल. आधीच घाबरलेला जीव तो."

एकदा ते असं म्हणाले, "माणसं स्थानकावर सोडायला येतात तेव्हा रडतात, पण त्यांना माहीत असतं की परतीची गाडी आहे. बोर्डावर लिहिलेलं असतं. कुत्र्याला बोर्ड वाचता येत नाही, सर. त्याला प्रत्येक गाडी शेवटची वाटते."

रॉकी बरा झाला आणि नंतर मनीषाकडे परत गेला. पण तोवर एसटीच्या कंडक्टरांनी ही बातमी घाटाघाटांत पोचवली होती. लोक विचारत येऊ लागले. कंट्रोलर आधी सगळ्यांना डॉक्टरकडे पाठवत, कारण कधी कधी पोटात दुखत असतं आणि आपण मनाचं समजून बसतो. मग जात. जाताना मला बरोबर नेत. या कामाला दोन माणसं लागायची, एक घरच्या माणसाबरोबर निघून जाणारा आणि एक लपून बघणारा. "तुम्ही गप्प बसता," ते म्हणाले, "हा गुण लोकांना कळत नाही. कुत्र्यांना कळतो."

माझं काम खिडकीत, नाहीतर दाराच्या फटीत उभं राहण्याचं. त्यांची सूचना एकच होती. मी जातो तिकडे बघायचं नाही. कुत्र्याकडे बघायचं. परत आल्यावर ते बारीक चौकशी करत. आधी मान वर केली की कान? ओठ चाटले का? जांभई दिली का? कुत्र्याची जांभई झोपेची असेलच असं नाही, ती पुष्कळदा भीतीची असते, हे मला त्यांच्याकडून कळलं. मी सांगत जायचो आणि ते डोळे मिटून ऐकायचे, जणू मी त्यांना एखादा उतारा वाचून दाखवतो आहे.

एमआयडीसीत नोकरी करणारं एक तरुण जोडपं होतं. दोघं निघायची तेव्हा त्यातली मुलगी कुत्रीला मांडीवर घेऊन, आई लवकर येणार हं, घाबरायचं नाही हं, असं बराच वेळ बोलत बसायची. कंट्रोलरांनी ते पूर्ण ऐकून घेतलं आणि तिला म्हणाले, "ताई, असं माझ्या कानाशी कुणी बोललं असतं तर मीही घाबरलो असतो." मुलीला राग आला. दोन आठवड्यांनी तिने पेढे आणून दिले.

वरंधचं प्रकरण त्यांचं आवडतं. तिथे एका घरातली सून अंगणवाडीत नोकरीला होती आणि टिपू नावाचा कुत्रा ती निघाली की घर डोक्यावर घ्यायचा. कंट्रोलरांनी तिला दाराबाहेर जाऊन लगेच परत यायला सांगितलं. म्हातारी सासू ओट्यावर बसून हे बघत होती. तिला ते सोसेना. उंबऱ्यावरून मागे फिरणं बरं नाही, आणि फिरलंच तर खाली बसून घोटभर पाणी प्यावं, मग निघावं, ही तिची रीत. "साहेब, तुमी माज्या सुनेला सारखी सारखी मागं फिरवताव. येक दिवस खरंच काय झालं तर?" कंट्रोलरांचा असल्या गोष्टींवर अजिबात विश्वास नव्हता, पण म्हाताऱ्या माणसांशी ते वाद घालत नसत. ठीक आहे, पाणी पिऊन निघू दे, असं म्हणून ते परत आले.

काही दिवसांनी सुनेचा फोन आला. टिपू आता दाराला भीत नव्हता. तो तांब्याला भिऊ लागला होता. पाण्याचा तांब्या खाली ठेवल्याचा आवाज झाला की तो खाटेखाली शिरून रडत होता. घरी पाहुणा आला, त्याला पाणी दिलं, तरी रडत होता. निघण्याच्या सगळ्या खुणा पुसून आम्ही त्याला एक नवी खूण शिकवली होती. कंट्रोलर इतके हसले की त्यांना भिंतीला टेकून बसावं लागलं. मग वरंधला जाऊन त्यांनी फर्मान काढलं की घरातल्या सगळ्यांनी दिवसभर सारखं पाणी प्यायचं आणि कुणीही कुठेही जायचं नाही. महिन्याने आम्ही गेलो तर म्हातारी म्हणाली, "पानी पिऊन पिऊन माजा जीव चाललाय, पन कुत्रा गप झाला. पान्याचा गुन हाय तो." कंट्रोलरांनी मान डोलावली आणि पाणी मागितलं.

त्यांचं हसणं मी शेवटचं ऐकलं ते बहुधा तेव्हाच. त्यानंतर कापडे आलं.

कापड्याच्या गाडीच्या कंडक्टरने त्यांना सांगितलं की एक कुत्रा गाडीमागे थेट पोलादपूरच्या हायवेपर्यंत धावतो. एकदा ट्रकचा धक्का लागून त्याचा मागचा पाय मोडला. तो बरा झाला तर पुन्हा धावला. तो भुऱ्या, अनसूयाबाईंचा. आम्ही गेलो तेव्हा भाताची लावणी व्हायची होती. बाई ओटीवर बसल्या होत्या आणि भुऱ्या त्यांच्या पदरावर पाय ठेवून बसला होता, त्या उठल्या तर कळावं म्हणून.

त्यांची मुलगी रेश्मा डोंबिवलीला दिली होती. पहिलं मूल पोटात राहिलं नव्हतं, हे दुसरं. मुलीने बाळंतपणाला माहेरी यायचं, पण डॉक्टरांनी तिला प्रवासाला बंदी घातली होती. सासू नाही, नवरा कंपनीत. आईलाच तिकडे जाणं भाग होतं. आणि आई घराबाहेर पडली की कुत्रा मरणाच्या वाटेला लागत होता.

दीर महादेव तिथेच उभा होता. त्याच्या मते यात विचार करण्यासारखं काही नव्हतं. पोत्यात घालावा आणि घाटापलीकडे सोडावा. "पोरांना शाळंत मास्तर नाय," तो मला म्हणाला, "नि कुत्र्याला एसटीचा साहेब शिकवनीला."

अनसूयाबाई त्याच्याकडे न बघता कंट्रोलरांना म्हणाल्या, "त्या दिसाला ह्याला मीच बांधलेला, साहेब. ते वरच्या गोठ्यात म्हशी सोडाया चालले. हा पाठी जाल नि चिखल घेऊन येल म्हनून मी साखळी घातली. डोंगर खाली आला तवा हा साखळीशी झटत व्हता. ते गेले तेवढं ह्यानं बघितलं. आले नाय, तेबी ह्यानंच बघितलं."

तालुक्यात दरडी कोसळल्या त्या वर्षीची गोष्ट, बाईंचा नवरा त्यात गेला होता. कंट्रोलरांनी साखळी कुठे आहे ते विचारलं. ती खुंटीला होती. त्यांनी ती काढली, पिशवीत घातली आणि महाडला येताना भंगारवाल्याला दिली.

पावसाळा लागल्यापासून आम्ही कापड्याला जात राहिलो. बाई परसात जायच्या, यायच्या. विहिरीवर जायच्या, यायच्या. मी गोठ्याच्या फटीतून भुऱ्याकडे बघायचो. तो फार हळू शिकत होता. एखाद्या दिवशी करवंटी चाटत स्वस्थ बसायचा आणि दुसऱ्या दिवशी पाऊस जोराचा आला की सगळं विसरायचा. डोंगरावरून पाण्याचा आवाज येऊ लागला की तो बाईंच्या पायात शिरायचा, आणि बाईंचा चेहराही मला बघवत नसे. कंट्रोलर घाई करू देत नसत. आजचं जमलं तेवढं जमलं. त्यांच्या हिशेबाने बाळंतपणाला वेळ होता.

वेळ नव्हता. दिवस भरायच्या आतच रेश्माला दवाखान्यात नेल्याचा जावयाचा फोन आला. त्या वेळी आम्ही तिथेच होतो. भुऱ्या तेव्हा शेताच्या बांधापर्यंतची ताटातूट सोसू लागला होता, त्याच्यापुढे नाही. अनसूयाबाई फोन हातात धरून उभ्या राहिल्या आणि कुत्र्याकडे बघू लागल्या. मुलीचा जीव एकीकडे आणि हा एकीकडे, असं तोलायची वेळ कुणावर येऊ नये. महादेव मागच्या दाराकडे गेला. तिथे पोती ठेवलेली असत.

कंट्रोलर म्हणाले, "तुम्ही जा. मी राहतो इथं."

बाईंना ते नीट कळलं नाही. त्यांनी पुन्हा सांगितलं, की तुम्ही परत येईपर्यंत मी या घरात राहीन, कुत्रा एकटा राहणार नाही. आणि त्यांनी ओटीवर पाय आखडून बसून घेतलं, म्हणजे विषय संपला.

बाई टेम्पोत बसून गेल्या. भुऱ्याला आत कोंडावं लागलं. कंट्रोलर त्याच्याबरोबर आत बसले. मी बाहेर होतो. तो कसा ओरडला ते मी लिहीत नाही. कंट्रोलरांनी त्याला कुरवाळलं नाही, समजावलं नाही, फक्त त्याच्यापासून थोड्या अंतरावर भिंतीला टेकून बसून राहिले. संध्याकाळी दार उघडलं तेव्हा त्यांचा आवाज बसला होता. मी विचारलं, तुम्ही बोलत होतात का? नाही म्हणाले.

रेश्माला मुलगी झाली. आईने सव्वा महिना डोंबिवलीला राहून तिचं सगळं केलं. आणि हा सव्वा महिना कंट्रोलर कापड्याला भुऱ्याबरोबर राहिले. मी त्यांच्या गोळ्या आणि वर्तमानपत्रं घेऊन जायचो. गोळ्या छातीच्या होत्या. महाडच्या डॉक्टरांनी त्यांना त्याआधीच पुण्याला दाखवायला सांगितलं होतं, हे मला तेव्हा कळलं. भुऱ्या हळूहळू खाऊ लागला. ओटीवर येऊन बसू लागला. कंट्रोलर भात रांधत तेव्हा तो चुलीशी बसायचा, शेताकडे जात तेव्हा बरोबर जायचा. महादेवसुद्धा एकदा येऊन सुकट ठेवून गेला.

अनसूयाबाई परत आल्या त्या दिवशी भुऱ्या त्यांच्याभोवती गोल गोल फिरला. बाई रडल्या. कंट्रोलरांनी पिशवी उचलली, नेहमीप्रमाणे कुणाला काही न सांगता निघाले, आणि आम्ही दोघं गाडीत बसलो.

पहिल्या वळणावर कंडक्टरने मागे बघितलं आणि घंटीची दोरी ओढली. भुऱ्या गाडीमागे धावत होता. बाई घरात होत्या, भाताची पेज त्याच्यापुढे होती, आणि तो तीन पायांवर जोर देत, पूर्वी मोडलेला पाय उचलत धावत होता. कंट्रोलर खाली उतरले आणि त्याला उचलून आत घेऊन आले. कुत्र्याला एसटीत घ्यायची परवानगी नसते, पण कंडक्टर दुसरीकडे बघत राहिला. पुढच्या गावात उतरून आम्ही परतीच्या गाडीने त्याला घेऊन मागे आलो.

ओटीवर बसून ते म्हणाले, "चूक माझी आहे, सर. त्याची भीती गेलीच नाही. नुसता पत्ता बदलला. आधी तिचा होता, आता माझा झाला."

त्यानंतरचे दिवस मला आठवायला नकोसे वाटतात. मनीषाने पुण्याला ऑपरेशनची तारीख घेतली होती, ती त्यांनी पुढे ढकलली. मग आणखी एकदा ढकलली. तिचा मला फोन आला, ती चिडून बोलत होती. काका, एका कुत्र्यासाठी बाबा मरणार का, असं तिने विचारलं. मी ते तसंच्या तसं त्यांना सांगितलं. ते ओटीवर पावसाकडे तोंड करून बसले होते.

"मी नक्की परत येणार असतो तर शिकवणं सोपं होतं," ते म्हणाले. "जायचं, यायचं, त्याला कळतं की हा माणूस येतो. पण मी येईन की नाही ते मलाच माहीत नाही. त्याने एकदा बघितलंय, गेलेला आला नाही. मी असाच उठून गेलो आणि आलो नाही, तर हा परत उभा राहणार नाही."

"मग काय करणार?"

"मी येईन हे शिकवायचं नाही. मी गेलो तरी काही बिघडत नाही हे शिकवायचं."

आणि त्यांनी ते शिकवलं. करवंटी भरण्याचं काम बाईंना दिलं. भाकरी बाईंच्या हातून, फिरणं बाईंबरोबर. स्वतः त्याला हात लावणं बंद केलं. नाव घेणं बंद केलं. भुऱ्या येऊन त्यांच्या गुडघ्यावर हनुवटी ठेवायचा, तेव्हा ते वर्तमानपत्राचं पान उलटायचे. तो तसाच उभा राहायचा. ते आणखी एक पान उलटायचे. ओटीवरची जागा सोडून ते कोपऱ्यात पडवीला बसू लागले, मग शेजारी महादेवच्या घरी झोपायला जाऊ लागले, मग दिवसाही कमी दिसू लागले. एका जीवाच्या मनातून ते स्वतःला थोडं थोडं करून काढून घेत होते. त्यांच्याइतका हाताने प्रेमळ माणूस मी पाहिला नाही, आणि ते हात ते काखेत धरून बसत.

अनसूयाबाईंना ते सहन झालं नाही. साहेबांचे ते आता भाऊ झाले होते. त्या म्हणाल्या, "भाऊ, असा नका करू. मुका जीव हाय, त्याला वाटल त्यानंच काय केला."

"वाटू दे, गो," ते म्हणाले. "राग आला तर बरंच. रागवलेला कुत्रा गाडीमागे धावत नाही."

रागवला की नाही, मला सांगता येणार नाही. पण हळूहळू भुऱ्या त्यांच्याकडे जाईनासा झाला. बाई भाताच्या दुसऱ्या बेणणीला, म्हणजे तण काढायला, शेतात जायच्या तेव्हा तो घरी राहू लागला. एकदा त्या पोलादपूरच्या बाजाराला जाऊन आल्या आणि तो ओटीवर झोपलेला होता. बाई आनंदाने ते सांगत कंट्रोलरांकडे आल्या. त्यांनी ऐकून घेतलं आणि मनीषाला फोन करायला मला सांगितलं.

ज्या दिवशी निघायचं होतं त्याच्या आदल्या खेपेला त्यांची पिशवी मी महाडला नेऊन ठेवली होती, कारण पिशवी ही खूण. बाहेरचा शर्ट ते बरेच दिवस घालतच होते. त्या दिवशी ते दुपारी जेवले, रोजच्यासारखं अंगणात जरा फिरले. बाईंना त्यांनी बाहेर यायला मनाई केली होती. त्या चुलीपाशी पदर तोंडात धरून उभ्या राहिल्या. मला ते म्हणाले, "सर, तुमची जागा घ्या."

मी खिडकीत गेलो. समोर ओटीवर भुऱ्या पडला होता.

त्यांना शेवटचं कधी पाहिलंत, असं लोक मला विचारतात. मी त्यांना जाताना पाहिलं नाही. माझं काम कुत्र्याकडे बघण्याचं होतं आणि मी तेच केलं. चिखलातली त्यांची पावलं मला ऐकू आली, अंगणाचं कवाड वाजलं, मग काही वेळाने वळणावर गाडीचा हॉर्न झाला. त्या वेळी मान जराशी उजवीकडे वळवली असती तर रस्ता दिसला असता. मी वळवली नाही.

पोलादपूर यायच्या आत त्यांचा फोन आला.

"काय केलं त्याने?"

"मान वर केली. एक कान रस्त्याकडे फिरवला."

"जांभई?"

"नाही."

"मग?"

"मग मान खाली ठेवली. झोपला."

गाडीचा खडखडाट ऐकू येत होता. कुणीतरी सुट्टे पैसे मागत होतं.

"उठला नाही?"

"नाही."

"कवाडापर्यंतपण आला नाही?"

"नाही, कंट्रोलर."

मग ते म्हणाले, "चांगलं झालं." आणि थोड्या वेळाने, स्थानकात घुमणारा आवाज याच माणसाचा होता का अशी शंका यावी इतक्या हळू, "सर, परत एकदा सांगा."

मी परत सांगितलं. मान वर केली, कान फिरवला, झोपला.